इंजिनची सफाई आणि मिस्त्रीची मजुरी

आम्ही कापडाचे व्यापारी. गाडीच्या इंजिनाशी आमचा संबंध फक्त गिऱ्हाईक म्हणून. तरीही या पानावर एका इंजिनाची हकीकत लिहीत आहोत, कारण तिच्यात गिऱ्हाईक आणि कारागीर दोघांनाही घेण्यासारखे काही आहे. शिवाय तिच्यातली मोठी चूक आमची स्वतःची होती.

आमच्या मरहूम वडिलांनी १९८२ साली साताऱ्यात एक जुनी स्टँडर्ड हेरल्ड गाडी विकत घेतली. मद्रासची स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी १९६१ पासून ही गाडी बनवू लागली होती. मूळ गाडी ब्रिटनच्या ट्रायम्फ कंपनीची, तिचा आकार इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्ती यांनी आखलेला. इंजिन चार सिलिंडरचे, ९४८ सी.सी. ब्रिटनमध्ये १९६२ साली निघालेल्या ट्रायम्फ स्पिटफायर या दोन आसनी स्पोर्ट्स कारचे ११४७ सी.सी. इंजिनही याच घराण्यातले. म्हणजे आमची गाडी दिसायला घरगुती, पण तिचे इंजिन शौकिनांच्या गाडीचे भाऊबंद.

१९९६ च्या उन्हाळ्यात आम्ही कापडाचे नमुने घेऊन साताऱ्याहून सांगलीला निघालो होतो. कराड मागे पडले, पेठ नाक्यावर महामार्ग सोडला आणि आष्ट्याच्या अलीकडे ऑइलचा दिवा लुकलुकू लागला. त्याच क्षणी इंजिन बंद करायला हवे होते. आम्ही मात्र ‘सांगली आता किती लांब राहिली’ असे म्हणून गाडी तशीच दामटली. सांगलीत शिरताना इंजिनातून खटखट ऐकू येत होती.

पंप बंद पडला म्हणजे काय होते

इंजिनाच्या तळाशी ऑइलची टाकी असते, तिला चेंबर म्हणतात. तिथून पंप ऑइल ओढतो आणि दाबाने सगळीकडे पोचवतो. या इंजिनात पंपाचे दोन रोटर एकात एक फिरतात. ते झिजले की ऑइल मागच्या मागे गळते आणि दाब पडतो. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा पातळ थर असतो, त्यावर क्रँक तरंगत फिरतो. थर गेला की धातू धातूवर घासतो, बेअरिंगचा मऊ थर सोलून निघतो आणि त्याचा चंदेरी चुरा ऑइलबरोबर इंजिनभर हिंडतो.

फिल्टर आहे ना, असे कोणी म्हणेल. पण पंप फिल्टरच्या आधी येतो. पंपाच्या तोंडाशी फक्त जाड जाळी असते, त्यामुळे चुरा पहिल्यांदा पंपातूनच जातो. आणि फिल्टर भरून तुंबला की इंजिन कोरडे पडू नये म्हणून ऑइल न गाळता पुढे सोडण्याची सोय केलेली असते.

सांगलीत आम्ही एका उस्तादांकडे गाडी नेली. त्यांनी चेंबर उतरवला, ऑइलचा थेंब बोटांवर चोळून उन्हात धरला आणि म्हणाले, “शेठ, नुसता पंप बदलून भागणार नाही. इंजिन उतरवून सगळे खोलावे लागेल. क्रँकच्या आतल्या भोकांत चुरा बसला आहे.”

लग्नसराई तोंडावर होती. आम्ही म्हणालो, “उस्ताद, पंप आणि बेअरिंग तेवढे घाला. बाकीचे पावसाळ्यात बघू.” त्यांनी दोनदा नको म्हटले. आम्ही जुन्या ओळखीचा दाब टाकला आणि मजुरीतही घासाघीस केली. शेवटी त्यांनी आम्ही सांगितले तेवढेच काम केले.

गाडी जेमतेम चारशे किलोमीटर चालली. उंब्रजजवळ तिसऱ्या सिलिंडरचे बिगएंड बेअरिंग गेले आणि क्रँकवर खोल चरे पडले. गाडी ओढून साताऱ्याला आणावी लागली. ती शेडमध्ये लावून आम्ही चार ठिकाणी सांगितले की, त्या उस्तादांचे काम कच्चे आहे. आमच्या बोलण्यावरून दोन व्यापाऱ्यांनी आपल्या गाड्या त्यांच्याकडून काढून घेतल्या. उस्तादांनी मात्र कोणाला काही सांगितले नाही.

पंचवीस वर्षांनी

२०२१ साली शेड रिकामी करताना गाडी भंगारात द्यायची की दुरुस्त करायची, हा प्रश्न आला. उस्तादांचा मुलगा आता सांगलीत गॅरेज चालवतो. बऱ्याच विचाराने आम्ही त्याच्याकडेच गेलो. त्याने इंजिन आमच्यासमोर खोलले. क्रँकच्या ऑइलच्या भोकात तार घातली, तर आतून घट्ट बसलेला चंदेरी चुरा निघाला. थकलेले उस्ताद खुर्चीवर बसून पाहत होते. आम्ही त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, “तुम्ही घाईत होता, शेठ. पण मीही कबूल व्हायला नको होते.”

त्यानंतर जी सफाई झाली ती आम्ही चार दिवस बसून पाहिली. ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटांच्या टोकाची बुचे काढली. प्रत्येक भोकातून लांब ब्रश फिरवला, रॉकेल मारले, मग दाबाची हवा. रॉकर शाफ्ट आतून पोकळ असतो, तोही दोन्ही टोकांनी उघडून धुतला. दाब सांभाळणारा व्हॉल्व्ह काढून त्याची बैठक पाहिली, कारण तिथे एक कण अडकला तरी नव्या पंपाचाही दाब पडतो.

क्रँक ग्राइंडिंगला गेला. या कामाला आपल्या भागात अनुभवी हात मिळतात, त्याला कारण आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली, साताऱ्यात धनजीशहा कूपर यांच्या कारखान्यात डिझेल इंजिने बनली, आणि विहिरींवर बसवलेल्या ऑइल इंजिनांनी कितीतरी मिस्त्री घडवले. क्रँक वीस थाऊ, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाचे वीस भाग, उतरवावा लागला. ग्राइंडिंगहून आल्यावर तो पुन्हा धुतला, कारण ग्राइंडिंगची स्वतःची कीस असते. पंप आणि बेअरिंग ब्रिटनहून मागवली. तिकडे या गाड्यांचे शौकीन पुष्कळ असल्याने सुटे भाग अजून मिळतात.

शेवटी ब्लॉक गरम साबणाच्या पाण्याने धुऊन लगेच वाळवला आणि गंज चढू नये म्हणून ऑइल लावले. इथे आमच्या धंद्याचा थोडा उपयोग झाला. गॅरेजमध्ये पुसायला सुताचा वेस्ट वापरतात. त्याचे धागे सुटतात आणि पंपाच्या जाळीत अडकतात. आम्ही धुऊन मऊ झालेली पांढरी मलमल दिली. ऑइल लावून प्रत्येक सिलिंडर मलमलीने पुसायचा, आणि कापड पांढरे बाहेर येईपर्यंत पुसत राहायचे, असा त्या मुलाचा नियम.

जोडणीत तीन मेन आणि चार बिगएंड बेअरिंगांतली फट मोजली. क्रँकला पुढेमागे सरकू न देणारे अर्धचंद्री थ्रस्ट वॉशर नवे घातले. ही या इंजिनांची नाजूक जागा. पंप ऑइलने भरूनच बसवला. मग प्लग काढून इंजिन नुसते फिरवले. गेजवर दाब दिसल्यावरच प्लग लावून ते चालू केले.

बिलातली एक ओळ

बिलात सफाईची चार दिवसांची मजुरी वेगळ्या ओळीत लिहिलेली होती. ती नव्या पंपाच्या किमतीपेक्षा जास्त होती. आम्ही ती एक पैसा कमी न करता दिली. कोऱ्या कापडाची खळ नीट काढली नाही तर रंग धरत नाही, हे आम्ही गिऱ्हाइकांना आयुष्यभर सांगत आलो. धुलाईचा खर्च कापडावर दिसत नाही, पण रंग फिका पडला की दुकानाचे नाव जाते. हीच गोष्ट इंजिनाच्या बाबतीत आमच्या ध्यानात आली नव्हती.

व्यापारी बांधवांना आमचे सांगणे आहे की, ऑइलचा दिवा लागला तर तिथल्या तिथे इंजिन बंद करा, ट्रक बोलवा. मिस्त्री पूर्ण खोलायला सांगत असेल तर कारण विचारा, चुरा दाखवायला सांगा, पण अर्धे काम करायला भाग पाडू नका. आणि कारागीर बांधवांनो, न दिसणारे काम बिलात स्पष्ट लिहा. गिऱ्हाईक तयार नसेल तर काम परत करा, कारण बिघडल्यावर नाव तुमचेच निघते.

पाचशे किलोमीटरनंतर ऑइल बदलले, तेव्हा जुने ऑइल मलमलीतून गाळून पाहिले. चुरा नव्हता. त्याच आठवड्यात आम्ही त्या दोन व्यापाऱ्यांच्या दुकानी गेलो आणि १९९६ साली खरे काय घडले होते ते सांगितले. त्यातल्या एकाची गाडी आता उस्तादांच्या मुलाकडे जाते.