तळहातावरची एक रेघ

इंदूरच्या विजय नगरात काय किंवा पुण्याच्या पेठेत काय, मुलाला रक्ताचा कर्करोग झाल्याचे कळताच आईचे मन कारणाचा शोध घेऊ लागते. ग्रहण पाळले नाही का, काही वावगे खाल्ले का, असे प्रश्न ती स्वतःलाच विचारते. तशात डॉक्टर मुलाचा तळहात, कान व टाळू न्याहाळू लागले, पाठोपाठ भावंडांचेही हात पाहू लागले, म्हणजे तिची धास्ती अधिकच वाढते. यास्तव या तपासणीचा अर्थ समजून घेणे अगत्याचे आहे.

तळहातावर आडवी एकच रेघ, आत वळलेली करंगळी, उंच कमानदार टाळू, अंमळ खाली असलेले कान, ही किरकोळ शारीरिक वैशिष्ट्ये होत. त्यांनी प्रकृतीस अपाय होत नाही. परंतु त्यांची घडण बहुधा गर्भावस्थेतच होते. गर्भाची वाढ किंचित निराळ्या वाटेने झाली असल्यास तिची खूण येथे उमटते. वाढीचे नियमन करणाऱ्या काही जनुकांचा रक्तपेशींच्या घडणीतही वाटा असतो. दोहोंचा संबंध लावला जातो तो यामुळे.

डाऊन सिंड्रोम हे याचे ठळक उदाहरण. या मुलांत २१ वे गुणसूत्र दोनाऐवजी तीन असतात, असे १९५९ साली पॅरिसमध्ये लेज्यून व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. अशा मुलांच्या हातावर एकच रेघ पुष्कळदा आढळते आणि त्यांना ल्युकेमियाचा धोकाही इतरांहून अनेक पटींनी अधिक असतो.

तथापि एवढ्यावरून घाईने अनुमान काढू नये. नेदरलँड्समधील संशोधकांनी २००८ साली बालपणी कर्करोग झालेल्या १०७३ जणांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांच्यापैकी शेकडा सुमारे ६५ जणांत किरकोळ वैशिष्ट्ये होती. परंतु तुलनेसाठी तपासलेल्या शाळकरी मुलांतही ती शेकडा सुमारे ५६ जणांत आढळली! अर्थात एकटी रेघ काहीच सिद्ध करीत नाही. वडिलांच्या हातावर तशीच रेघ असेल, तर ती बहुधा घराण्यातली ठेव समजावी. घरच्या मंडळींचे हात पाहण्याचा हेतू हाच. अनेक खुणा एकत्र दिसल्या, तरच डॉक्टर गुणसूत्रांच्या तपासणीचा विचार करतात.

म्हणून घरोघरी रेघा मोजीत बसू नये. रेंगाळणारा ताप, फिकट पडलेला चेहरा, विनाकारण उठणारे काळेनिळे डाग, हाडांचे दुखणे ही लक्षणे दिसल्यास मात्र रक्त विनाविलंब तपासून घ्यावे. योग्य उपचार वेळेवर व पुरते झाल्यास या रोगातून बहुसंख्य मुले आज बरी होतात. आणि आईने हेही जाणावे, की ती रेघ तिच्या कोणत्याही चुकीने उमटलेली नाही.