मित्रासाठी चार तास

१९७०च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या मार्लबरो गॅलरीत फिलिप गस्टन या चित्रकाराचं प्रदर्शन लागलं. पन्नासच्या दशकात अमूर्त चित्रांनी नावाजलेला हा माणूस आता बुरखेधारी आकृत्या, बूट, लोंबते बल्ब आणि सिगारी रंगवू लागला होता. त्याचा जिवलग मित्र, संगीतकार मॉर्टन फेल्डमन, एका चित्रापुढे उभा होता. कसं वाटलं, असं गस्टननं विचारलं. अजून मिनिटभर बघू दे, एवढंच फेल्डमन म्हणाला. तेवढ्यावर मैत्री तुटली. दोघांची ओळख त्याआधी वीस वर्षांची होती.

गस्टन १९८०मध्ये गेला. १९८४मध्ये फेल्डमननं एक रचना लिहिली आणि तिला मित्राचंच नाव दिलं : 'फॉर फिलिप गस्टन'. वादक तीनच. एक फ्लूटवाला, एक पियानो आणि चेलेस्टा वाजवणारा, एक तालवाद्यांवर. रचना चार तासांहून जास्त चालते आणि जवळजवळ सगळा वेळ आवाज अगदी हळू असतो.

तिची सुरुवात सी, जी, ए-फ्लॅट, ई-फ्लॅट या चार स्वरांनी होते. फ्लॅट बाजूला ठेवून इंग्रजी अक्षरं जुळवली की संगीतकार जॉन केजचं आडनाव तयार होतं; फेल्डमन आणि गस्टनची गाठ घालून दिली ती केजनं. सी हा षड्ज धरला तर हे स्वर सा, प, कोमल ध, कोमल ग. घरी पेटी असेल तर सावकाश वाजवून पाहा. एवढ्याशा साहित्यातून तो माणूस चार तासांची वाट काढतो. ते स्वर पुन्हा भेटतात, पण जसेच्या तसे क्वचितच. कधी लय थोडी सरकलेली असते, कधी एखादा सूर वेगळ्या सप्तकात गेलेला असतो, कधी वाद्यच बदललेलं असतं.

चित्रावरून किंवा एखाद्या जागेवरून संगीत रचणारे पुष्कळ झाले. बहुतेकांची रीत एकच : चित्रात समुद्र असेल तर सुरांत लाटा आणायच्या. फेल्डमनला चित्राच्या विषयाशी फारसं कर्तव्य नव्हतं. रंग कसा लावला आहे, एक पट्टा दुसऱ्याशेजारी कसा ठेवला आहे, नजर कुठे थांबते, याच्याकडे तो बघत असे. मला यातच त्याचं मोठेपण दिसतं.

आणि ही नजर त्याला चित्रांइतकीच गालिच्यांनी दिली. अनातोलियाच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या, भटक्या जमातींचे गालिचे तो जमवत असे आणि तासन्‌तास निरखत असे. त्या गालिच्यांचं सूत थोडंथोडं रंगवलेलं असतं. त्यामुळे एकच लाल रंग विणता विणता मध्येच जरा फिकट होतो, पुढे पुन्हा गडद होतो. स्वेटर विणताना लोकर संपावी आणि दुसऱ्या दुकानातून 'तोच' रंग आणावा, तसा हा फरक. नक्षीही डावीउजवीकडे सारखी वाटते, पण नीट पाहिलं की एखादं फूल कडेला चेपलेलं सापडतं. यंत्राला जमणार नाही असा तो जिवंतपणा फेल्डमनला सुरांत हवा होता. १९७८ची 'व्हाय पॅटर्न्स?' आणि १९८३ची 'क्रिपल्ड सिमेट्री' या फ्लूटसह तीन वादकांच्या दोन्ही रचना त्याच ध्यासातून आल्या. 'क्रिपल्ड सिमेट्री'त तिन्ही वादकांची मात्रांची मोजणी वेगवेगळी आहे. कागदावर त्यांच्या ओळी एकाखाली एक दिसतात, कानाला मात्र त्या आपापल्या चालीनं सरकतात. कोणी कोणाची समेवर वाट पाहत नाही. तरीही तीन पट्टे मिळून एकच वस्त्र विणलं जातंय, असं वाटत राहतं.

यासाठी फ्लूटच का, याचं उत्तर आवाजाच्या जन्मातच आहे. पियानोची पट्टी दाबली की सूर टणकन उमटतो आणि त्याच क्षणी विरायला लागतो. व्हायब्रफोन आणि ग्लॉकेनश्पील या तालवाद्यांचंही तेच; धातूवर आघात झाला की उरतो तो विझत जाणारा नाद. फ्लूटच्या सुराला मात्र अशी टोकदार सुरुवात लागत नाही. वादकाचा श्वास पुरेल तोवर तो एकसारखा राहू शकतो. बास फ्लूटच्या खालच्या स्वरांत तर सुराबरोबर फुंकही ऐकू येते. म्हणजे विझणाऱ्या नादांच्या शेजारी न विझणारा एक सूर. रंगछटेतला फरक कानाला कळावा, तर याहून चांगली जोडी कुठली? आणि तासांमागून तास इतकं हळू फुंकत राहणं हे केवढं कष्टाचं काम आहे, याचा विचार केला की त्या वादकापुढे हात जोडावेसे वाटतात.

लांबीबद्दल फेल्डमनचं एक म्हणणं होतं. तासाभरापर्यंत आपण रचनेचा आकार ऐकतो : सुरुवात, मध्य, शेवट. दीड तासानंतर आकाराचा हिशोब सुटतो आणि उरते ती व्याप्ती. भिंतभर मोठ्या कॅनव्हाससमोर जवळ जाऊन उभं राहिलं की कडा दिसेनाशा होतात, तसं इथे काळाचं होतं. मघाचा सूर हाच होता की दुसरा, हे आठवेनासं होतं आणि मग समोर आहे तेवढंच लक्ष देऊन ऐकलं जातं.

गस्टनही मित्राला विसरला नव्हता. अबोला असतानाच, १९७८मध्ये, त्यानं फेल्डमनचं एक चित्र काढलं आणि त्याच्या नावात मित्राची आद्याक्षरं घातली : 'फ्रेंड – टु एम. एफ.' ते आता अमेरिकेतल्या डे मॉइन आर्ट सेंटरमध्ये आहे.

ऐकायला सुरुवात करायची तर एकदम चार तासांना हात घालू नये. 'व्हाय पॅटर्न्स?' अर्ध्या तासाच्या आसपास आहे. तिन्ही वाद्यं जवळजवळ सगळा वेळ सुटी चालतात आणि शेवटच्या काही मिनिटांत पहिल्यांदाच एकत्र येतात. ती मिनिटं चुकवू नका. मग 'क्रिपल्ड सिमेट्री' ऐका, आणि मोकळी दुपार मिळाली की गस्टनकडे वळा.