सदऱ्याचा रंग, नदीचे पाणी

नवा टी-शर्ट घेताना आपण रंग पाहतो, माप पाहतो, धुतल्यावर आटणार तर नाही ना, एवढे विचारतो. तो रंगवलेले पाणी कुठे गेले, हे कोणी विचारत नाही. तमिळनाडूतील तिरुपूरला मात्र तो प्रश्न न्यायालयात विचारला गेला.

बनियनसाठी नावाजलेल्या या शहरात एक कारखाना कापड विणतो, दुसरा रंगवतो, तिसरा शिवतो आणि निर्यातदार ते परदेशी दुकानांना धाडतो. सुती कापडावर रंग नीट चढावा म्हणून पाण्यात मीठ घालतात. गडद रंगाला लिटरमागे 50 ग्रॅमहूनही अधिक. रंग कापडात मुरतो, मीठ पाण्यातच राहते. हे पाणी वर्षानुवर्षे नोय्यल नदीत गेले. शेतीसाठी बांधलेले ओरत्तुपालयमचे धरण 1992 मध्ये पुरे झाले आणि बघता बघता सांडपाण्याचा हौद बनले. ज्यांच्यासाठी ते बांधले, तेच शेतकरी ‘हे पाणी नको’ म्हणू लागले.

सांडपाण्याचा थेंबही बाहेर सोडू नये, हा आदेश नीट पाळला गेला नाही. तेव्हा जानेवारी 2011 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने रंगाईचे शेकडो कारखाने बंद करायला लावले. मग शिलाईवाल्यांचेही डोळे उघडले. यंत्रे शाबूत, पण रंगवलेले कापड कुठून आणायचे? ते दूरच्या गावांहून रंगवून आणण्यात पैसा आणि वेळ गेला. ज्यांनी नदीत काहीच सोडले नव्हते, त्यांनाही झळ बसली. सुक्याबरोबर ओलेही जळते, ते असे.

व्यवस्थापनशास्त्रात ज्याला ‘हरित पुरवठा साखळी’ म्हणतात, त्याचा अर्थ एवढाच, की आपल्या मालासाठी दुसऱ्याच्या आवारात जे घडते, तेही आपल्याच हिशेबात धरायचे.

आता तिरुपूरच्या सामुदायिक प्रकल्पांत सांडपाणी बारीक पडद्यांतून दाबाने गाळतात, उरलेले खारे पाणी आटवून मीठ काढतात आणि दोन्ही पुन्हा रंगाईला वापरतात. पाणी-मिठाचा खर्च वाचतो खरा. पण वीज आणि इंधन फार लागते. तो बोजा आधी रंगाऱ्याच्या माथी येतो. परदेशी ग्राहकाला स्वच्छ रंगाईचे प्रमाणपत्र हवे असते आणि भावही कमीच हवा असतो. दोन्ही एकदम मागितले, की रंगाऱ्याला रात्री गुपचूप नळ सोडण्याचा मोह होतो.

नदी राखण्याचा खर्च कपड्याच्या किमतीत धरला नाही, तर तो खालच्या शेतकऱ्याच्या विहिरीतून वसूल होतो. दुकानात घासाघीस करताना आपणही हे ध्यानात ठेवायला हवे.