काचतंतूच्या बॉडीच्या मोटारीचे पुनरुज्जीवन : जुन्नर-आंबेगाव परिसराच्या संदर्भात

मोटारीची बॉडी म्हणजे पत्रा, हे समीकरण आपल्याकडे इतके रूढ आहे की पत्र्याव्यतिरिक्त दुसऱ्या द्रव्याची मोटार समोर आल्यास डेंटिंग करणारा कुशल कारागीरही क्षणभर थबकतो. काचतंतू आणि पॉलिएस्टर रेझिन यांच्या संयोगातून बनलेल्या, बोलीत ज्याला ‘फायबर’ म्हटले जाते, अशा बॉडीची मोटार दुरुस्त करताना कोणती तत्त्वे लागू पडतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सुट्या भागांच्या संचातून घरी मोटार जुळवण्याची प्रथा मुख्यतः ब्रिटनमधील. तेथे तयार मोटारीवर खरेदीकर होता, सुट्या भागांवर तो लागत नसे; १९५७ मध्ये आलेली लोटस सेव्हन या सवलतीमुळेच संचरूपाने खपली. भारतात ही प्रथा रुजली नाही. मात्र त्या धर्तीच्या, फायबर बॉडीच्या मोटारी अल्प संख्येने येथेही घडल्या. बंगळूरच्या सिपानी कंपनीची डॉल्फिन (१९८२) ब्रिटिश रिलायंट किटनवर आधारलेली होती. महाराष्ट्रातील उदाहरण अलिबागजवळील कार्ले खिंड येथील चिंकारा मोटर्सच्या रोडस्टरचे. लोटस सेव्हनच्या घाटाची ही दोन आसनी गाडी हाताने बांधली जाई आणि तिला अॅम्बेसेडरमध्येही बसवले जाणारे १.८ लिटरचे इसुझू इंजिन असे. अॅम्बेसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले असले तरी तिचे यांत्रिक भाग जाणणारे मेस्त्री आजही भेटतात. अडचण इंजिनाची नसून बॉडीची आहे.

फायबर गंजत नाही, हे खरे. पण ते गंज झाकते. बॉडीखालची चासी लोखंडी असते आणि कोकणच्या खाऱ्या हवेत राहिलेल्या गाडीची चासी आतून पोखरलेली असू शकते. म्हणून बॉडी उतरवून चासी तपासल्याशिवाय वरच्या रंगाला हात लावणे म्हणजे भिंत ओली असताना चुना देणे होय. त्यानंतर बॉडीवर नाणे वाजवून पाहावे. भरीव आवाज आला तर थर एकजीव आहेत. पोकळ, बसका आवाज आला तर ते सुटलेले आहेत.

पृष्ठभागावरील केसाएवढ्या भेगा लांबी भरून बुजवण्याचा मोह होतो, परंतु काही महिन्यांत त्याच जागी त्या पुन्हा दिसतात. शास्त्रीय पद्धती अशी की, भेगेभोवतीचा भाग उतरत्या कडेने घासून काढावा. एक मिलिमीटर जाडीस सुमारे बारा मिलिमीटर उतार, हे प्रमाण सर्वसाधारणपणे स्वीकारले जाते. कारण जुने रेझिन पूर्ण पक्व झालेले असल्याने नवा थर त्याच्याशी रासायनिकदृष्ट्या फारसा जोडला जात नाही. त्याची पकड खरवडलेल्या पृष्ठभागावरच अवलंबून असते. मग काचतंतूंची मॅट रेझिनमध्ये भिजवून थर द्यावेत आणि रोलरने आतील हवा काढावी. रेझिनचे वजन मॅटच्या सुमारे दोन ते अडीच पट पुरते. अधिक रेझिन म्हणजे अधिक बळकटी हा समज चुकीचा आहे, कारण ताण काचतंतू सोसतात; निव्वळ रेझिन ठिसूळ असते.

येथे स्थानिक हवामानाचा प्रश्न येतो. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांचा नाणेघाट, माळशेज, डिंभे यांकडील पश्चिम पट्टा पावसाळ्यात सतत दमट असतो, तर नारायणगाव, मंचर यांच्या पूर्वेस पाऊस झपाट्याने कमी होतो. दमट हवेत काचतंतूंची मॅट ओल धरते आणि थर नीट चिकटत नाहीत. एप्रिल-मेच्या उन्हात रेझिन भांड्यातच घट्ट होऊ लागते. हिवाळ्यातील पहाटेच्या गारठ्यात ते चिकटच राहते. हार्डनरचे प्रमाण ऋतुमानानुसार साधारण एक ते दोन टक्क्यांच्या दरम्यान बदलावे लागते. पावसाळा सरल्यानंतरचे कोरडे महिने, दिवसाची वेळ साधून, या कामास सर्वांत सोयीचे. पुणे-नाशिक मार्गावरील गॅरेजांना पत्रा व वेल्डिंगचा सराव असतो. साच्याचे कौशल्य मात्र फायबरच्या मूर्ती घडवणाऱ्यांकडे अधिक सापडते. या दोन कारागिरांना एकत्र आणणे हेच बहुधा अर्धे काम.

कोबाल्टयुक्त प्रवेगक आणि हार्डनर हे कधीही थेट एकमेकांत मिसळू नयेत. त्यातून स्फोटक अभिक्रिया होऊ शकते. घासताना उडणारी काचेची धूळ व रेझिनची वाफ यांपासून मुखवट्याने संरक्षण घ्यावे. शिवाय फायबर वीजवाहक नसल्याने दिव्यांचे अर्थिंग बॉडीतून होत नाही. प्रत्येक दिव्याची परतीची तार स्वतंत्रपणे चासीपर्यंत न्यावी लागते. दिवे मंद पेटत असतील तर बल्ब बदलण्याआधी ही तार पाहावी.

कायद्याची बाजू अधिक बिकट आहे. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते व पुढे पाच-पाच वर्षांसाठी तिचे नूतनीकरण होते. त्यासाठी वाहन तपासणीत उत्तीर्ण व्हावे लागते. २०२१ च्या नियमांनी ‘व्हिंटेज’ वाहनांना वेगळी नोंदणी दिली, पण त्यासाठी वयोमर्यादा पन्नास वर्षांची आहे. या शतकाच्या आरंभीची रोडस्टर त्या सवलतीपासून अजून बरीच दूर आहे. त्यातच निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून दूर जाणारा बदल करता येणार नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला. म्हणजे कुजलेल्या चासीच्या जागी मेस्त्रीने सोयीने वेगळ्या मापाची चौकट बांधली, तर गाडी रस्त्यावर धावण्याजोगी होईल, पण कागदोपत्री ती अवैध ठरेल. म्हणून तोडकामाआधीच मूळ मापे, छायाचित्रे आणि नोंदणीपुस्तकातील चासी क्रमांक यांची नोंद करून ठेवावी, आणि क्रमांक कोरलेला लोखंडाचा भाग कोणत्याही परिस्थितीत कापू नये.