तळणाविना कुरकुरीत, कंदाविना रुचकर

पुणे-सातारा महामार्गावरील शिरवळ हे नीरा नदीकाठचे बाजारपेठेचे गाव. परिसरात कारखाने आले, तशी दुकानांतील वर्दळही वाढली. पेढीवर बसणाऱ्या व्यापाऱ्याचा दिवस बैठा. त्यात चोविहार असेल, तर ऐन गिऱ्हाइकाच्या वेळी, सूर्यास्तापूर्वी, पोटात काही जावे लागते. अशा वेळी दुकानातच टांगलेले वेफर्सचे पाकीट सहज हाती येते. बटाटा वर्ज्य म्हणून केळ्याचे वेफर्स घेतले, तरी तळण आणि मीठ टळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. रक्तदाबाचा विकार असलेल्यांनी तर हे विशेष जपावे.

भाजलेले चिप्स हा यावर चांगला उपाय होय. मात्र प्रचलित पाककृतींत बीट, गाजर, रताळे असे कंदच अधिक. जैन स्वयंपाकघराला फळभाज्या पुरेशा आहेत.

कच्ची केळी : चार केळी सोलून वेफर्सच्या किसणीने पातळ, एकसारखे काप करावेत. काप हळदीच्या पाण्यात बुडवून लगेच स्वच्छ कापडावर कोरडे करावेत. दोन चहाचे चमचे तेल, मिरपूड आणि चिमूटभर मीठ हलक्या हाताने चोळावे. ताटात काप एकमेकांवर न ठेवता पसरावेत व १५० अंश सेल्सिअसवर वीस ते पंचवीस मिनिटे भाजावेत. मध्ये एकदा उलटावेत.

कारले : बिया काढून चकत्यांना थोडे मीठ लावावे. पंधरा मिनिटांनी घट्ट पिळून, जिरेपूड व आमचूर लावून भाजावे. वरून मीठ घालू नये.

भेंडी : आधी धुऊन, पुसून कोरडी करावी. उभी चिरताना आत कीड नाही ना, हे उजेडात नीट पाहावे, मगच भाजावी.

ओव्हन नसल्यास खाकऱ्याप्रमाणे मंद आचेवर, तव्यावर उलटून-पालटून भाजावे. घाई केल्यास कडा जळतात व मध्य मऊ राहतो. कुरकुरीतपणा येतो तो ओलावा गेल्याने, तेलाने नव्हे.

रंग सोनेरी होताच थांबावे. पिष्टमय पदार्थ १२० अंशांहून अधिक तापमानात भाजले वा तळले, की त्यांत अ‍ॅक्रिलामाइड हे अपायकारक द्रव्य तयार होते, हे २००२ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी दाखवून दिले. पदार्थ जितका काळपट, तितके ते अधिक. म्हणून करपलेले काप मुलांना देऊ नयेत.

पूर्ण गार झाल्यावरच चिप्स घट्ट झाकणाच्या डब्यात भरावेत व डब्यावर तारीख लिहावी. पावसाळी हवेत ते लवकर सादळतात, म्हणून दोन-तीन दिवसांपुरतेच करावेत. ज्या घरी पर्वतिथीला हिरवी भाजी वर्ज्य, तिथे त्या दिवशी खाकरा आहेच. इतर दिवशी हा छोटा डबा सकाळीच पेढीवर गेला, तर सायंकाळी पाकीट फोडण्याची वेळ येणार नाही.