जांभ्या दगडातलं बरोक

रायपुरात, पंडरीच्या आसपास राहणाऱ्या मराठी घरांचं गोव्याला जाणं कधी कुलदैवताच्या निमित्ताने होतं. मंगेशी, कवळे झालं की ‘चर्च बघू’ म्हणून गाडी तासभर जुन्या गोव्यात थांबते. खरं तर क्रम उलटा हवा.

पोर्तुगीजांच्या पूर्वेकडच्या राज्याची ही राजधानी. साथींनी शहर ओस पडलं, १८४३ मध्ये राजधानी पणजीला गेली. उरला तो चौक: रस्त्याच्या एका अंगाला से कॅथेड्रल आणि असिसीच्या सेंट फ्रान्सिसचं चर्च, समोर बॉम जेझूस. से कॅथेड्रलचा एक मनोरा १७७६ मध्ये कोसळला. दुसऱ्यावरच ते उभं आहे.

बॉम जेझूसचं बांधकाम १५९४ मध्ये सुरू झालं. भिंती जांभ्याच्या, पण दर्शनी खांब आणि कोरीव पट्ट्या बसाल्टच्या, तोही वसईकडून आणलेला. म्हणजे युरोपचा आराखडा आणि कोकणचा दगड. जांभा मऊ, सच्छिद्र. त्यावर चुन्याचा गिलावा हवाच. १९५० च्या दशकात पोर्तुगीज राजवटीनेच तो खरवडून काढला, इमारत पुरातन दिसावी म्हणून. आज पर्यटकांना भावणारा तो लालसर रंग म्हणजे उघडी पडलेली भिंत आहे, आणि दर पावसाळ्यात ती पाणी पिते. गिलावा पुन्हा चढवायला हवा, असं मला ठामपणे वाटतं.

बरोक भेटतं ते आत. पिळाचे खांब, सोन्याच्या मुलाम्याने झळाळणारी वेदी. मध्यभागी इग्नेशियस लोयोलाची भव्य मूर्ती, नजर वर, येशूच्या नावाच्या तेजोवलयाकडे. आपलीही नजर आपोआप वर जाते. माणसाला जागच्या जागी भारून टाकणं हेच या शैलीचं काम. शेजारी फ्रान्सिस झेवियरची समाधी आहे. तिचा संगमरवरी चौथरा फ्लॉरेन्सच्या फोज्जिनीने घडवला, १६९८ मध्ये तो बसवला गेला. वरची चांदीची पेटी मात्र गोमंतकीय कारागिरांची, त्याच्याही साठेक वर्षं आधीची.

हे पाहून मग कवळ्याला जावं. शांतादुर्गेचं आजचं देऊळ १७३८ मध्ये पुरं झालं, छत्रपती शाहूंचे मंत्री नारो राम यांच्या पुढाकाराने. शिखराच्या जागी घुमट, कमानदार खिडक्या. मंगेशीची सात मजली अष्टकोनी दीपमाळही सावकाश, मजल्या-मजल्याने बघण्यासारखी आहे. चर्चच्या घंटेच्या मनोऱ्याशी तिचं नातं तिथे उभं राहिल्यावर लगेच कळतं.