रिकाम्या जागेचा मान

बोन्साय मांडताना झाड बरोबर मध्यभागी ठेवले की झाले, असे आपल्याला वाटते. जपानी जाणकार मात्र तसे करीत नाहीत. जुन्या वळणाच्या जपानी घरात ‘तोकोनोमा’ नावाचा कोनाडा असतो. तिथे मुख्य झाड लाकडी चौरंगावर, मध्यापासून किंचित बाजूला ठेवतात. ते ज्या अंगाला झुकले असेल, त्या अंगाला जागा अधिक सोडतात. तिकडेच खाली एखादे चिमुकले गवत किंवा रानफूल. मागे भिंतीवर गुंडाळीचे चित्र. तीन वस्तू, तीन उंची. आणि त्यांतून साधलेला विषम त्रिकोण!

समोर जिवंत फूल असताना चित्रात फूल नको, हा दंडक ओकाकुरा यांनी १९०६ साली ‘द बुक ऑफ टी’त नोंदवला आहे. तोक्योत १९३४ साली सुरू झालेल्या ‘कोकुफू’ प्रदर्शनातही झाडाझाडांत अंतर राखतात. पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेले झाड दाटीत उभे केले, तर ती नुसती कुंडी उरते. साऱ्या कष्टांवर पाणी!

चरणातल्या विसाव्याला आपण यति म्हणतो. वर्गात ती मी वर्षानुवर्षे शिकविली. पण तिचे मोल खरे पटले, ते या मोकळ्या जागेमुळे.